कुसुमाग्रज प्रतिष्ठान : नाव कवीचे, गौरव इतरांचा

वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज म्हणजे नाशिककरांचे तात्यासाहेब. कविता-नाटके लिहिता लिहिता गावातल्या सार्वजनिक कामातही ते कायम राहिले. १९५०मध्ये स्थापन झालेल्या लोकहितवादी मंडळामागे त्यांचाच पुढाकार होता. पुढे १९८७ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. वि. स. खांडेकरांनंतर मराठीच्या वाट्याला आलेले हे दुसरे ज्ञानपीठ. त्यानंतर १९९०मध्ये नाशकात कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभे राहिले.

कवी हयात असताना त्याच्या नावाने निघालेली संस्था कवीच्याच आरत्या ओवाळत बसण्याचा धोका असतो. इथे तसे झाले नाही. १९९१मध्ये पहिला जनस्थान पुरस्कार विजय तेंडुलकरांना दिला गेला. हा सन्मान एक वर्षाआड, २७ फेब्रुवारीला, म्हणजे तात्यासाहेबांच्या जन्मदिनी दिला जातो. नाशिकच्या प्राचीन नावाचा हा पुरस्कार गावापुरता कधीच राहिला नाही. विंदा करंदीकर, इंदिरा संत, नारायण सुर्वे, ना. धों. महानोर, महेश एलकुंचवार, भालचंद्र नेमाडे, आशा बगे ही नावे वाचली तरी निवडीचा पल्ला कळतो. २००७मध्ये बाबूराव बागुलांना तो मिळाला, तेव्हा नाशिकजवळच्या विहितगावच्या लेखकाचा सन्मान झाला आणि दलित साहित्याच्या एका अग्रणीचाही.

साहित्याबाहेरच्या कर्तृत्वासाठी १९९२मध्ये गोदावरी गौरव सुरू झाला. ज्ञान, संगीत-नृत्य, चित्र-शिल्प, नाट्य-चित्रपट, क्रीडा-साहस आणि लोकसेवा ही त्याची क्षेत्रे. जनस्थान नसेल त्या वर्षी हा गौरव होतो. १० मार्च १९९९ रोजी तात्यासाहेब गेले. आता त्यांच्या स्मृतिदिनी तो दिला जातो. संस्थापकामागे संस्थेचा वेग मंदावतो, असा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. प्रतिष्ठानने मात्र पुढच्या दशकात नव्या कामाला हात घातला.

२००९मध्ये विनायक रानडे यांनी प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. वाचक ग्रंथालयात येत नाही अशी तक्रार करण्यापेक्षा पुस्तकांची पेटीच सोसायटीत, गटात, कार्यालयात नेऊन ठेवायची. काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे तीच पुस्तके अनेक घरे फिरतात. खर्च देणगीदारांचा. ‘वाढदिवसाला पुस्तकांसाठी पैसे द्या’ हे रानडे यांचे साधे आवाहन लोकांना पटले. नाशिकमधून निघालेल्या पेट्या राज्यभर पोहोचल्या, तुरुंगांतही गेल्या आणि पुढे दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांकडेही.

पुरस्कारांमुळे प्रतिष्ठानला प्रतिष्ठा मिळाली. पण त्याची मुळे घराघरात रुजवली ती ग्रंथपेट्यांनी. पुरस्कार सोहळ्याला आपण टाळ्या वाजवतोच. येत्या वाढदिवसाला पेटीत पुस्तकांची भरही घालू या.