पट्टी बदलताना

बेळगावच्या पेटीवाल्यांचा विषय निघाला की पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) आठवतातच. बेळगावात राहून त्यांनी साथीत नाव कमावले आणि शिष्यही घडवले. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली, १९७१ साली बंदी सैल केली. मधल्या काळात भजन, नाटक आणि मैफल यांनीच पेटी जगवली, बेळगाव-निपाणीत तशी आपल्या गोव्यातही.

साथीदाराची खरी परीक्षा पट्टीत. बुवा काळी एकमध्ये गाऊन उठले आणि बाई काळी चार मागत बसल्या, की साध्या पेटीवर बोटांची सगळी मांडणीच बदलते. शिवाय नाट्यगीत किंवा भैरवी मध्यमाला षड्ज धरून गायची झाली, तर तोही हिशेब डोक्यात हवा. पुढे स्केलचेंजर पेटी आली. पट्ट्यांचा सांगाडा सरकवायचा, बोटे तीच. ती वजनाला भारी, पण साथीदाराची मोठी सोय झाली.

आता ऑर्केस्ट्रात अरेंजर कीबोर्ड असतो. ‘ट्रान्सपोज’ एकदा दाबले की अर्धा स्वर वर. मी ऐकलेल्या एका कार्यक्रमात वादकाने कडव्याच्या मध्येच ते दाबले आणि गायिका जुन्याच पट्टीत राहिली! दोन कडव्यांमधल्या तुकड्यात ते दाबावे, नव्या षड्जाचा सूर आधी ऐकवावा, मग ताल चालू ठेवून गायिकेला आत घ्यावे. हे बटणाला कळत नाही. पेटीवाल्याला ते कळायचे, कारण त्याचे बोट नव्या षड्जावर पडण्याआधी कान तिथे पोहोचलेला असे.