पैनगंगेपलीकडची भाकरी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्हा विभागला गेला. किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि तेथील मराठी घरे पैनगंगेपलीकडे राहिली. राज्य बदलले, तरी चूल बदलली नाही. अवचित आलेल्या पाहुण्यापुढेही ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा येई. तेलुगू शेजारी याच भाकरीला जोन्नरोट्टे आणि अंबाडीला गोंगुरा म्हणत. त्यामुळे एकमेकांच्या घरचे ताट कोणालाच परके वाटत नसे.

सीमारेषेला जे जमले नाही, ते स्वस्त तांदळाने केले. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्यास प्रारंभ केला. गरिबाघरची चूल त्यामुळे पेटती राहिली, हे मान्य करावेच लागेल. मात्र पुढे शेतांत कापूस आणि सोयाबीन वाढत गेले, तशी ज्वारी मागे सरली. २०१४ पासून तेलंगणात असलेल्या या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत रोजच्या ताटात भात असतो. भाकरी थापली जाते ती माणसे जमल्यावर. पोट भरण्याचे अन्न आता आपलेपणाची खूण झाले आहे. भाषिक सीमांच्या इतिहासात या बदलाचीही नोंद हवी.