काशीचे वैयाकरण आणि गुरुभक्तीच्या दोन वाटा

वाराणसीत मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला. दगडी बांधकामाचा भार भूमीला पेलला नाही आणि घाट खचला; पुढे विसाव्या शतकात त्याची पुनर्बांधणी झाली. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर मात्र आजही एका अंगास कललेले असून वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्यात असतो. येथून उत्तरेकडे निघाले की भोसले घाट, राम घाट, पंचगंगा घाट, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट अशी मराठी माणसाला आपली वाटणारी नावे ओळीने भेटतात.

सरकारी कामानिमित्त वाराणसीस गेलो असता एका सायंकाळी शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसण्याचा योग आला. मी काही व्याकरणाचा पंडित नव्हे. बी. ए. पर्यंत संस्कृत घेतले, एवढेच माझे भांडवल. पण त्या पायऱ्यांवर मला माझ्या शाळेतील संस्कृतच्या गुरुजींची तीव्रतेने आठवण झाली, आणि त्यांच्यासंबंधीची एक जुनी बोच पुन्हा जागी झाली.

सरदारांनी काशीत घाट बांधावयास प्रारंभ केला त्याच्या फार पूर्वीपासून दक्षिणेतील शास्त्री-पंडित तेथे विद्यादान करीत होते. त्यांत शेष घराणे अग्रगण्य. त्याचे मूळ गोदावरीकाठच्या नांदेडचे मानले जाते. सोळाव्या शतकात या घराण्यातील शेषकृष्ण हे काशीतील व्याकरणाचे थोर अध्यापक होते. रामचंद्रांच्या ‘प्रक्रियाकौमुदी’वर त्यांनी ‘प्रक्रियाप्रकाश’ नावाची टीका लिहिली. त्यांच्यापाशी शिकलेले सर्वांत नामांकित शिष्य म्हणजे ‘सिद्धान्तकौमुदी’चे कर्ते भट्टोजी दीक्षित.

या भट्टोजींनी आपल्याच ग्रंथावर ‘प्रौढमनोरमा’ ही टीका लिहिली आणि तीत आपल्या गुरूंच्या ‘प्रक्रियाप्रकाशा’तील मतांचे जागोजाग खंडन केले. काशीच्या विद्वन्मंडळात केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना करावी! शेषकृष्णांचे पुत्र वीरेश्वर हे पंडितराज जगन्नाथांचे गुरू. शहाजहानच्या दरबारी मान पावलेल्या या कवीला आपल्या गुरूच्या पित्याचा अधिक्षेप सहन झाला नाही. त्यांनी ‘मनोरमे’चे खंडन करणारा ग्रंथ रचला. त्याचे नाव चारचौघांत उच्चारण्यासारखे नाही, यावरूनच त्यांच्या संतापाची जात कळावी. भट्टोजींची बुद्धी गुरुद्वेषाने मलिन झाली आहे, असा त्यांचा आरोप होता.

मग या दोघांत गुरुभक्त कोण? जगन्नाथांची निष्ठा निर्विवाद आहे. परंतु काळाचा न्याय पाहावा. ‘प्रक्रियाप्रकाश’ आज अभ्यासक उघडतात, तो बहुधा भट्टोजींनी कशाचे खंडन केले हे पाहण्यासाठी. उलट भट्टोजींची ‘कौमुदी’ चार शतके पाठशाळांतून घोकली जात आहे. गुरूने दिलेली चिकित्सेची दृष्टी शिष्याने गुरूच्याच ग्रंथाकडे वळविली, हाही त्या विद्येचा एक प्रकारे सन्मानच नव्हे काय?

भट्टोजींनाही शिष्य उत्तम लाभले. वरदराजांनी प्रारंभी गुरूंना वंदन करून त्यांचा विशाल ग्रंथ ‘मध्यकौमुदी’ व ‘लघुकौमुदी’ या रूपांत बालकांच्या आवाक्यात आणला. पुढे भट्टोजींचे नातू हरी दीक्षित यांच्याजवळ नागेशभट्ट काळे हे महाराष्ट्रीय पंडित शिकले. हरी दीक्षितांच्या नावावर असलेला ‘शब्दरत्न’ हा ग्रंथ वस्तुतः नागेशांनी लिहून गुरूंच्या नावे अर्पण केला, असे परंपरा सांगते. तेच नागेश ‘शब्देन्दुशेखरा’त, जेथे पटले नाही तेथे, भट्टोजींहून निराळे मत निःसंकोच मांडतात. नागेशांना अपत्य नव्हते; आपल्या ग्रंथांनाच त्यांनी पुत्र आणि कन्या म्हटले. अर्पण आणि मतभेद या दोन्ही वाटा त्या एका पुरुषात एकत्र आल्या.

नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. त्याच शिष्यपरंपरेची एक शाखा महाराष्ट्रात परतली. पुण्यास नीलकंठशास्त्री थत्ते, साताऱ्यास भास्करशास्त्री अभ्यंकर यांनी ती रुजविली. भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री अभ्यंकर हे आजोबांच्या शिष्यापाशी व्याकरण शिकले आणि त्यांनी पतंजलींचे समग्र ‘महाभाष्य’ मराठीत आणले. १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आलेले जर्मन पंडित कीलहॉर्न हेही अनंतशास्त्री पेंढारकरांपुढे शिष्य म्हणून बसले, आणि नागेशांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ त्यांनी इंग्रजीत नेला.

आता माझी बोच सांगतो. आमचे गुरुजी ‘लघुकौमुदी’तील सूत्रे अशा गोडीने समजावीत की रुक्ष व्याकरणही कथेसारखे वाटे. एकदा फळ्यावर त्यांच्या हातून एका सामासिक शब्दाचा विग्रह चुकला. माझ्या ते ध्यानी आले. पण त्यांचा अवमान होईल या भीतीने मी मौन धरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चूक सुधारली आणि विचारले, ‘काल कोणाच्याच लक्षात आले नाही?’ त्यांच्या स्वरात राग नव्हता, निराशा होती. मी तेव्हाही उठलो नाही. त्या मौनाला मी अनेक वर्षे गुरुभक्ती समजत आलो.

आता गुरुजी हयात नाहीत. शिंदे घाटावरून उठताना मनात आले, त्या दिवशी वर्गात मी उभा राहिलो असतो, तर कदाचित त्यांना अधिक आनंद झाला असता.