कायदा पुण्यात गाजला, कोयता जालन्यात चालतो

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या भागांतून ऊसतोड मजूर साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. नवरी सोळाची असली तरी लग्न उरकतं.

कायदा मुलीचं वय १८ मागतो. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या साधारण तीनातल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. मग घरातल्या रीतीत कायद्याने हात घालून उपयोग काय?

हा वाद जुना आहे. १८८४ पासून बेहरामजी मलबारी हे पारशी पत्रकार बालविवाहाविरुद्ध सरकारकडे आग्रह धरत होते. पुढे त्यांनी लंडनपर्यंत धडक मारली. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मेली. तेव्हा संमतिवय १० होतं, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागला नाही. त्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली, इतकंच.

वय १२ करणारं विधेयक आलं आणि पुणं दुभंगलं. टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. लवकर लग्नं व्हावीत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. मुलीचं सोळाच्या आणि मुलाचं विसाच्या आत लग्न करणार नाही, असं सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, असं त्यांनीच सुचवलं होतं. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हा त्यांचा मुद्दा होता. आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने लढले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. जालना निजामाच्या राज्यात होतं. १९२९ चा सारडा कायदाही तिथे लागू नव्हता.

टिळकांची एक गोष्ट खरी ठरली: लोकांच्या गळी न उतरलेला कायदा कागदावर राहतो. पण स्वतःहून बंधन घालून घ्यायचं, तर आधी कुणीतरी विचारावं लागतं. फुलमणीला कुणी विचारलं होतं?

मला वाटतं, फरक इथेच आहे. मी काय खावं, कुणावर श्रद्धा ठेवावी, याबद्दल शेजाऱ्याला राग आला म्हणून त्याने कायदा मागू नये. त्याने मला पटवावं. पण ‘नाही’ म्हणायची सोयच नसलेल्या जिवाला इजा होत असेल, तर कायदा मागणं हे कर्तव्य ठरतं.

तेवढ्याने मात्र भागत नाही. आईबाप सहा महिने फडावर गेल्यावर पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, या भीतीपोटीही लग्नं होतात. तिला गावाजवळ वसतिगृह आणि शाळा मिळाली, तर त्या १८ च्या आकड्याला अर्थ येईल. कायदा मागणाऱ्यांनी वसतिगृहही तितक्याच जोराने मागायला हवं.