एरंडेलाची कुळकथा

बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालायची आपल्याकडची रीत जुनी. हेच तेल पहिल्या महायुद्धात विमानांत पोचलं. नोम, ल रोन या फ्रेंच रोटरी इंजिनांत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जाई. तिथं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई. एरंडेल मात्र सहजी विरघळत नसे. वापरलेलं तेल सरळ बाहेर फेकलं जाई. त्याचे फवारे वैमानिकांच्या नाकातोंडात जात आणि त्यांना जुलाब होत.

पेट्रोलमध्ये सहजी न विरघळण्याच्या गुणाचं मूळ एका जागी आहे. एरंडेलात जवळपास नव्वद टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. त्याच्या अठरा कार्बनांच्या साखळीत बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. त्याच्यामुळे रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि तेल घट्ट होतं. नेहमीच्या खाद्यतेलांत हा गट जवळजवळ नसतोच.

पण कच्चं एरंडेल तापलं की हवेतल्या ऑक्सिजननं चिकट होतं, इंजिनात राळ साचते. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूलाच हात घातला. कॉस्टिक सोड्यासोबत खूप तापवलं की रिसिनोलेइक आम्ल तुटून सेबॅसिक आम्ल मिळतं. त्याची अल्कोहोलशी जोडणी केली की उणे 50 अंशांतही वाहणारं एस्टर तयार होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिनांची सुरुवातीची कृत्रिम तेलं अशाच एस्टरांची होती. हायड्रोजन जोडलेल्या एरंडेलापासून लिथियम ग्रीसचा साबण बनतो. मात्र त्या साबणात धरून ठेवलेलं तेल बहुधा खनिजच असतं, म्हणून त्या ग्रीसला निसर्गस्नेही म्हणणं मला पटत नाही.

निसर्गस्नेही वंगणाची खरी कसोटी आहे ती तेल सांडतंच अशा जागी. करवतीच्या साखळीवरचं तेल जंगलात उडतं, जहाजाच्या शाफ्टचं समुद्रात झिरपतं. तिथं वनस्पती तेल वापरावं, तर त्याचा कमकुवत सांधा म्हणजे त्यातलं ग्लिसरॉल, कारण उष्णतेनं रेणू तिथंच फुटू लागतो. त्याच्या जागी ट्रायमिथिलॉलप्रोपेन नावाचं अल्कोहोल बसवलं की तेल जास्त उष्णता सोसतं, आणि सांडलं तरी जिवाणू ते पचवू शकतात. अमेरिकेनं जहाजांच्या सांडपाण्यासाठीच्या 2013च्या परवान्यात, मोठ्या जहाजांच्या तेल पाण्यात झिरपू शकतं अशा भागांसाठी, तांत्रिक अडचण नसेल तर, पर्यावरणाला सोसतील अशीच वंगणं सक्तीची केली.

जगात सर्वाधिक एरंड भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. म्हणजे कच्चा माल घरचाच आहे; तेव्हा कोकणच्या खाड्यांतल्या बोटींसाठी आपणही असाच आग्रह धरायला हवा.