तोतया खोटा, विश्वास खरा

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले; परंतु त्यांच्या मृत्यूविषयी जनमानसात जी शंका रेंगाळत राहिली, तिच्या आधारावर एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला आणि कित्येक वर्षे पेशवे दरबाराला सतावीत राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर १७७६ साली त्याने कोकणात बंड उभारले, किल्ले हस्तगत केले, माणसे जमविली. आणि अखेर त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. मराठी वाचकांस हा इतिहास ‘तोतयाचे बंड’ या नावाने परिचित आहे. आपल्या बखरकारांनी व इतिहासकारांनी त्याचा विचार बहुधा राजकारणाच्या अंगाने केला, आणि ते स्वाभाविकही होते.

परंतु या प्रकरणात आणखी एक व्यक्ती होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू कधीच मान्य केला नाही. १७८३ साली देहावसान होईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. ‘भाऊ जिवंत आहेत’ ही आवई दरबाराच्या दृष्टीने राज्याचा प्रश्न होती. पार्वतीबाईंच्या दृष्टीने तो कुंकवाचा प्रश्न होता. तोतया खोटा होता. बाईंची प्रतीक्षा मात्र खोटी नव्हती.

ही जुनी कथा येथे उकरून काढण्याचे कारण असे की, तोतयांना आज एक नवे आणि अफाट राज्य लाभले आहे. परके नाव, परके छायाचित्र, कल्पिलेले वय आणि कल्पिलेला व्यवसाय धारण करून कोणीही मनुष्य दूरच्या अनोळखी माणसाशी आंतरजालावर महिनोन्‌महिने हितगुज करू शकतो. त्या हितगुजातून जिव्हाळा निर्माण होतो, प्रसंगी लग्नाच्या आणाभाकाही होतात. आणि एके दिवशी उघडकीस येते की पलीकडे ती व्यक्तीच नव्हती. मग फसलेल्या माणसास घरचे, दारचे, शेजारचे सारे एकच प्रश्न विचारतात : ‘तुला कळले कसे नाही?’ या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो मनोरंजक असण्यापेक्षा बोधप्रद अधिक आहे.

दक्षिण फ्रान्समधील आर्तिगा या खेड्यातून मार्तां गेर नावाचा शेतकरी १५४८ साली पत्नी बेर्त्रांद व तान्ह्या मुलास सोडून परागंदा झाला. आठ वर्षांनी तो परतला. गावाने त्याला ओळखले, बहिणींनी ओळखले, पत्नीने घरात घेतले. तीन वर्षे संसार झाला, अपत्येही झाली. पुढे इस्टेटीवरून चुलत्याशी वितुष्ट आले, तेव्हा प्रकरण न्यायालयात जाऊन १५६० साली तुलूझच्या वरिष्ठ न्यायासनापुढे पोहोचले. साक्षीदारांत दुफळी होती. आरोपीला जुन्या संसारातील खाजगी गोष्टीही इतक्या बिनचूक ठाऊक होत्या की न्यायाधीशांचे मत त्याच्याकडेच झुकू लागले होते. इतक्यात लाकडी पायाचा एक मनुष्य न्यायालयात येऊन उभा राहिला. तोच खरा मार्तां गेर होता. पहिला निघाला आर्नो द्यु तिल नावाचा तोतया. त्याला आर्तिगा येथे मार्तांच्या घरासमोरच फाशी देण्यात आले. झाँ द कोरास या न्यायाधीशाने सारी हकीकत लिहून ठेवली, म्हणून ती आज आपणांस उपलब्ध आहे.

कोरासने नोंदविलेला एक प्रसंग मात्र खटल्याच्या निकालापेक्षाही मोलाचा वाटतो. खरा पती दिसताच बेर्त्रांदने रडत क्षमा मागितली. तो द्रवला नाही. इतरांची चूक क्षम्य असेल, परंतु पत्नीला पती ओळखता येऊ नये हे अक्षम्य होय, असा त्याचा आक्षेप होता. हाच तो आजचा प्रश्न. त्यावर न्यायाधीशांनी मार्तांलाच बजावले की, घरदार सोडून तूच निघून गेला नसतास तर हा अनर्थ ओढवता ना. नॅटली झेमन डेव्हिस या इतिहासलेखिकेने १९८३ च्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, बेर्त्रांदला सत्य ठाऊक असले पाहिजे आणि तिने ते सोयीने पत्करले असले पाहिजे. अन्य अभ्यासकांनी ते मत खोडून काढण्याचा यत्न केला. तो वाद आपण येथे मिटवू शकत नाही. तथापि एक गोष्ट उभयपक्षी मान्य व्हावी : तोतयाने तिला तेच दिले जे तिच्या आयुष्यात उणे होते. परागंदा पतीच्या जागी मायेने वागणारा पती आला. यशस्वी तोतया समोरच्याच्या उणिवेच्या मापाचे सोंग घेतो. म्हणून ते अंगावर बेमालूम बसते.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचे उत्तर आहे. दमयंतीने नळाला पाहिले नव्हते. हंसाच्या मुखातून त्याचे गुण ऐकून तिने त्याला मनोमन वरले. स्वयंवरात इंद्रादी चार देव नळाचेच रूप घेऊन बसले आणि तिच्यासमोर पाच नळ आले. देवांची चिन्हे तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकली होती : त्यांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, सावली पडत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत, गळ्यातील माळा कोमेजत नाहीत. ही गोष्ट दमयंतीच्या चातुर्याची म्हणून आपण सांगतो. महाभारतातील कथा मात्र निराळी आहे. तेथे दमयंतीला प्रथम काहीच ओळखता येत नाही. ती हात जोडून देवांची करुणा भाकते, आणि देव दयार्द्र होऊन आपली चिन्हे स्वतः प्रकट करतात, तेव्हाच तिला नळ सापडतो. जेथे दमयंतीचा निरुपाय झाला, तेथे रात्री अकरा वाजता दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहणाऱ्या एकाकी स्त्रीपुरुषांनी घाम आणि सावली कोठे शोधावी? पडद्यावर सावली कोणाचीच पडत नाही.

अदृश्य माणसाशी जिव्हाळा जडणे हे संगणकाचे अपत्य नव्हे. अमेरिकेत एला चीव्हर थेअर यांनी १८७९ साली ‘वायर्ड लव्ह’ नावाची कादंबरी लिहिली. तीत तारयंत्रावर काम करणारी एक तरुणी तारेच्या दुसऱ्या टोकावरील, केवळ एका अक्षराने परिचित असलेल्या सहकाऱ्यात गुंतते; आणि मध्येच एक भलताच मनुष्य ‘तो मीच’ म्हणून तिच्यापुढे येऊन उभा राहतो. तारेबरोबर तारेवरचा तोतयाही आलाच!

पुढे फ्रान्सच्या दूरध्वनी खात्याने १९८२ पासून ‘मिनिटेल’ नावाचे यंत्र घरोघर पोहोचविले. त्यावर टोपणनावाने संभाषण करण्याच्या सेवा पाहता पाहता लोकप्रिय झाल्या. आकार मिनिटाला होता. साहजिकच गिऱ्हाईक जितके रेंगाळेल तितका नफा. तेव्हा काही चालकांनी पगारी माणसे नेमली, आणि त्यांतील कित्येक पुरुष स्त्रियांच्या नावाने गिऱ्हाइकांशी बोलत बसत. ३० जून २०१२ रोजी ती यंत्रणा बंद झाली. जिव्हाळ्याला मिनिटाचा दर लावला की तोतया हा अपघात राहत नाही, तो धंद्याचा भाग होतो, एवढा धडा मात्र ती मागे ठेवून गेली.

याच सुमारास अमेरिकेत घडलेले प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी ते १९८५ साली ‘मिझ’ मासिकात प्रसिद्ध केले. एका मानसोपचारतज्ज्ञ पुरुषाने संगणकीय संभाषणसेवेवर ‘जोन’ नावाची अपंग, वाचा गमावलेली, परंतु विलक्षण उमदी स्त्री निर्माण केली. अनेक स्त्रियांनी तिच्यापाशी मन मोकळे केले. काहींना तिच्या मैत्रीने खरोखरच धीर दिला. तोतयेगिरी उघडकीस आली तेव्हा कोणी संतापल्या, तर कोणाला जिवलग मैत्रीण निवर्तल्याचे दुःख झाले. त्या दुःखाला सुतक नव्हते, सांत्वनाला येणारे कोणी नव्हते. जी जन्मलीच नव्हती तिच्यासाठी रडावे कसे? आणि न रडावे तरी कसे, कारण तिला सांगितलेली गुपिते तर खरीच होती.

येथेच या नव्या तोतयेगिरीचा प्रत्यक्ष संसारावरील परिणाम स्पष्ट होतो. मनुष्यापाशी विश्वासाचे दोन निरनिराळे साठे नसतात. पडद्यावर जो लुटला जातो, तोच विश्वास घरातही चालवायचा असतो. फसलेला माणूस पुढे सख्ख्या भावाच्या शब्दाकडेही संशयाने पाहू लागतो. लाजेपोटी घडलेले दडवितो. आणि त्या दडविण्याने पतिपत्नींत, मायलेकींत दुसरे अंतर पडते. तोतयाचीही स्थिती फारशी निराळी नसते. सोंगात जो उदार आणि मृदू, तो स्वतःच्या नावाने घरी तसा वागू शकत नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? व्यवसायाने वकील असल्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतच तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीची व्याख्या होती, आणि तिच्या स्पष्टीकरणात असे नमूद होते की, सोंग ज्याचे घेतले ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा घडतोच. फसवणुकीने होणाऱ्या हानीत शरीर, मन, लौकिक व मालमत्ता या चारही गोष्टी गणल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमान्वये संगणकाच्या द्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. हिंदू विवाह कायद्यान्वये महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत कपट करून विवाहास संमती मिळविली असल्यास, कपट उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत विवाह रद्द करून मागता येतो. गोव्यात तर विवाहेच्छूंना दिवाणी नोंदणी अधिकाऱ्यासमोर दोन वेळा उभे राहावे लागते, आणि मध्ये हरकतींसाठी अवधी असतो. तेव्हा कायदा आंधळा नाही. ‘मन’ हा शब्द त्याने १८६० पासून जपून ठेवला आहे. परंतु व्यवहारात पहिला प्रश्न बहुधा ‘पैसे किती गेले?’ हाच असतो, आणि पैसे गेले नसतील तर दुसरा प्रश्न, ‘मग तक्रार कसली?’ पहिल्याचे उत्तर आकड्यात देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही, म्हणून फसलेला माणूस उठून घरी जातो.

तुलूझच्या न्यायाधीशांपुढे १५६० साली असाच एक आकड्यात न मावणारा प्रश्न होता. तोतया फासावर गेला. परंतु त्याच्यापासून बेर्त्रांदला झालेली मुलगी जिवंत होती. तिला काय म्हणावे? न्यायासनाने तिला औरस ठरविले आणि तोतयाची मालमत्ता तिला दिली, कारण तिच्या आईने तो विवाह खरा मानला होता. पुरुष खोटा, नाव खोटे, ओळख खोटी; तरीही त्या स्त्रीच्या विश्वासाला न्यायालयाने खरेपणाचा दर्जा दिला. सोळाव्या शतकातील न्यायाधीशांना जे उमगले, ते आपल्या चावड्यांना, कचेऱ्यांना आणि विशेषतः आपल्या माजघरांना उमगण्यास हरकत नसावी. फसलेल्या मुलीला वा मुलाला ‘तुला कळले कसे नाही?’ असे विचारण्यापूर्वी दमयंतीलाही कळले नव्हते, एवढे तरी आपण आठवावे.