माओरी मोको : कोरलेला चेहरा आणि त्याची मालकी

न्यूझीलंडच्या माओरी समाजातील ‘ता मोको’ ही गोंदणाचीच एक परंपरा असली, तरी तिचे जुने तंत्र सुईपेक्षा काष्ठशिल्पाच्या छिन्नीला अधिक जवळचे होते. कारण ‘उही’ म्हणजे अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या हाडाचे पाते ठोकून त्वचेत खाचा पाडल्या जात आणि त्यांत जाळलेल्या डिंकाची काजळी भरली जाई. मस्तक हे शरीराचे पवित्रतम अंग मानले गेल्याने या विधीला कडक निर्बंध होते, आणि ज्याचा चेहरा कोरला जात असे त्याला अन्नाचा स्पर्श वर्ज्य असल्याने कोरीव लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न दिले जाई. पुरुषांचा संपूर्ण चेहरा, तर स्त्रियांचे ओठ व हनुवटी कोरण्याची रीत होती.

वंश आणि दर्जा सांगणाऱ्या या रेषा धारकाच्या स्वतःच्या असत. म्हणूनच ब्रिटिश राजसत्तेबरोबरच्या 1840च्या वाइटांगी करारावर काही सरदारांनी सहीच्या जागी आपल्या मोकोतील आकृती काढल्या. मात्र हीच वैयक्तिक खूण त्याआधी बाजारात विकाऊ झाली होती. कुटुंबीय आदराने जतन करीत असलेली मृतांची मोकोयुक्त मस्तके, म्हणजे ‘तोई मोको’, युरोपीय संग्राहकांच्या मागणीमुळे बंदुकांच्या बदल्यात दिली जाऊ लागली, आणि 1831मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर डार्लिंग यांनी या व्यापारावर बंदी घातली. तरीही होरेशियो रॉब्ली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने पुढे मोठा मस्तकसंग्रह जमवला, जो 1907मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने विकत घेतला. मोकोवरील त्याचा 1896चा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही, ही मोठीच अडचणीची गोष्ट होय. त्याच्या संग्रहातील ती मस्तके 2014मध्ये मायदेशी परतली.

मोकोच्या ऱ्हासाचे खापर अनेकदा पारंपरिक तज्ज्ञांवर, म्हणजे ‘तोहुंगां’वर, निर्बंध घालणाऱ्या 1907च्या कायद्यावर फोडले जाते, परंतु पुरुषांचा चेहऱ्यावरील मोको त्यापूर्वीच विरळ झाला होता, आणि स्त्रियांचा हनुवटीवरील मोको सुईच्या साह्याने त्यानंतरही काही दशके टिकला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या पुनरुज्जीवनाबरोबर कलावंतांनीही हा वारसा हाती घेतला. शेन कॉटन यांच्या चित्रांत जतन केलेली मस्तके अथांग आकाशात तरंगतात, तर फिओना पार्डिंग्टन यांनी फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हिल यांच्या 1837–40च्या सागरी मोहिमेत घेतलेल्या मुखसाच्यांची छायाचित्रे काढली, ज्यांतील माओरी चेहऱ्यांवर मोकोच्या खाचा स्पष्ट दिसतात. मस्तक पुन्हा प्रदर्शनाची वस्तू होण्याचा धोका या दोन्ही कलाकृतींत आहे. परंतु येथे ते दाखवणारे कलावंत स्वतः माओरी वंशाचे आहेत, आणि हा फरक गौण नाही. वंशावळीशी नाते नसलेल्या, परकीयांसाठीही काढल्या जाणाऱ्या नक्षीला ‘किरितुही’ असे वेगळे नाव देणारे आजचे कारागीरही हीच सीमारेषा आखत आहेत.